यकृत्-शस्त्रकर्मापूर्वी वैद्यांची चिठ्ठी

यकृतातील गाठ काढण्याचे शस्त्रकर्म ठरलेला रुग्ण पुष्कळदा महिनोन् महिने आपल्याकडील औषध घेत असतो. 'आयुर्वेदिक सर्व बंद करा' असे त्याला रुग्णालयातून सांगण्यात आले, की आपल्यापैकी अनेकांना तो शास्त्राचा अवमान वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही.

चरकाचार्यांनी यकृत् व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूले सांगितली आहेत. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातील बहुतांश पोर्टल शिरेतून येते, उरलेले धमनीतून. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये या दोन्ही वाहिन्या यकृताच्या मुखाशी तात्पुरत्या दाबून धरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे. सामान्यतः १५ मिनिटे दाब आणि ५ मिनिटे मोकळीक. तथापि यकृतातून महाशिरेकडे जाणाऱ्या शिरा त्यामुळे बंद होत नाहीत, तेथून रक्त मागे येतच राहते. म्हणून भूलतज्ज्ञ द्रव हात राखून देतात, मध्यवर्ती शिरेतील दाब पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत ठेवू पाहतात, आणि तो दाब किंवा धमनीच्या स्पंदनलहरीतील चढउतार यंत्रावर सतत न्याहाळतात. (नाडीचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावयास नको!) दाब वाढला तर रक्तस्राव वाढतो, फार उतरला तर वृक्कांना रक्त अपुरे पडते, उघड्या शिरेत हवा शिरण्याचेही भय असते.

एवढ्या देखरेखीतही रुग्णाने आदल्या पंधरवड्यात पोटात काय घेतले, हे यंत्राला दिसत नाही. लसूण व गुग्गुळ यांचा प्लेटलेटच्या कार्यावर परिणाम होऊ शकतो, असे अभ्यासांतून आढळले आहे. परंतु प्रोथ्रॉम्बिन काल ही नेहमीची तपासणी ते कार्य मोजतच नाही. अहवाल निर्दोष असूनही रक्त अपेक्षेप्रमाणे थांबत नाही, असे घडू शकते. पुनर्नवेसारखे मूत्रल द्रव्य चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना ठाऊक नसेल, तर त्यांचा द्रवाचा हिशेबच चुकण्याचा संभव असतो. शस्त्रकर्मापूर्वी लसणाची औषधे किमान ७ दिवस बंद असावीत, असे 'जामा' या अमेरिकी नियतकालिकातील आढाव्यात २००१ मध्ये सांगितले गेले. आपल्या गुग्गुळकल्पांविषयी असा अवधी आपणच अभ्यासाने ठरवावयास नको काय?

संधान, स्कंदन, पाचन व दहन हे रक्तस्तंभनाचे चार उपाय सुश्रुताचार्यांनी दिले. त्यांच्या अनुयायांनी रुग्णाबरोबर एक चिठ्ठी देणे कठीण नाही. कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा, केव्हापासून चालू आणि शेवटची मात्रा कोणत्या दिवशी, एवढे पुरे. कोणते औषध केव्हा थांबवावयाचे, हे शल्यचिकित्सकांशी बोलून ठरवावे. रुग्णावर सोपवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. सुटे चूर्ण देताना पुडीवर घटकद्रव्ये व तारीख लिहावी. नुसते 'यकृताचे चूर्ण' एवढेच लिहिलेल्या पुडीवरून भूलतज्ज्ञांना काहीच कळत नाही.