वेश तिचा, अट त्यांची

डिंकाच्या लाडवात बेदाणे घालताना हा शब्द कुठला, असा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच पडत नाही. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दाणा’ म्हणजे बी. बिनबियांचा तो बेदाणा. द्राक्षं आपल्या निफाड-दिंडोरीची, शब्द मात्र फारसी! रुमाल, चादर, पडदा, जर्दाळू हेही तिकडचेच. मुरंबा, साबण, खुर्ची अरबीतून आले. अहो, खुद्द आपलं नाशिक मुघलांच्या अमलात ‘गुलशनाबाद’ म्हणून ओळखलं जायचं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पुढे आपल्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यातून दिनांक, महापौर असे छान शब्द मिळाले, आणि ते रुळलेही. पण स्वयंपाकघरापर्यंत काही ही मोहीम पोचली नाही. बायकांनी मुरंब्याला मुरंबाच म्हटलं.

त्याच भगूरच्या शेजारी देवळाली कॅम्प. तिथले पारशांचे जुने बंगले, आरोग्यधामं, अग्यारी आपण येता-जाता पाहतो. पारशी म्हणजे ‘बावाजी’, त्यांची जुनी मोटार आणि त्यांचे विनोद, एवढ्यावर आपली ओळख संपते. पारशी आणि इराणी वेगळे, हेही बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी आले. आपण ज्यांना इराणी म्हणतो ते त्यांचे धर्मबंधू एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर आले, बहुतेक यज्द आणि किरमान भागांतून. तिकडे गरिबी होती, छळ होता, बिगरमुसलमानांवर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना 1854 मध्ये इराणला पाठवलं. त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे 1882 मध्ये तो कर रद्द झाला. इकडे आलेल्यांतल्या काहींनी मुंबई-पुण्यात चहाची हॉटेलं काढली, काहींनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या लावल्या. यज्दमधून काही मुसलमान कुटुंबंही आली. आपल्या लेखी तेही इराणीच, आणि त्यांचीही हॉटेलं चालली.

ही सगळी पुरुषांची गोष्ट झाली. बायकांची गोष्ट शोधायची तर थोडं मागं जावं लागतं.

डहाणूच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत संजाण आहे. पारशी तिथे येऊन वसले असं ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. ही काव्यकथा 1599 च्या सुमाराची, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेली, तेव्हा तिला इतिहास मानायचं कारण नाही. दुधात साखर विरघळते तसे आम्ही राहू, ही लोककथा आपण शाळेत ऐकलेली असते. पण किस्सा-ए-संजाणमध्ये राजाने अटी घातल्या आहेत, त्या सहसा कुणी सांगत नाही. शस्त्रं खाली ठेवा, इथली भाषा बोला, लग्नं संध्याकाळी लावा आणि तुमच्या बायकांनी इथल्या बायकांसारखा वेश करावा. पुरुषांच्या कपड्यांबद्दल एक अक्षर नाही! खरं असो वा खोटं, ज्यांनी ही कथा जपली त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. परक्या मुलखात आपण कोण हे दाखवायचं किंवा लपवायचं असलं, की ते काम बाईच्या अंगावरच्या कापडाकडे येतं. पारशी बायकांनी त्या साडीचं सोनं केलं. चीनच्या व्यापारातून आलेल्या भरतकामातून ‘गारा’ साडी झाली आणि आज तीच त्यांची ओळख सांगते. अट घालणारा राजा कोण होता, हे कुणाच्या लक्षात आहे?

दुसरी गोष्ट मुंबईतलीच, आणि ही मात्र खरी घडलेली. ‘आलम आरा’ काढणारे अर्देशीर इराणी मूळ पुण्याचे. 1933 मध्ये त्यांच्या इम्पीरियल फिल्म कंपनीने ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट मुंबईत तयार केला. नायक आणि लेखक होते अब्दुलहुसेन सेपन्ता. नायिका मिळेना. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनाही वीस वर्षांपूर्वी हाच अनुभव आला होता, आणि त्यांची तारामती शेवटी एका पुरुषाने केली. इथे मात्र रूहअंगीझ सामीनेजाद ही तरुणी पुढे आली. तिचा नवरा त्याच स्टुडिओत कामाला होता. ती किरमानकडची, बाम गावची, तिच्या बोलण्यात तिकडचा हेल होता. म्हणून कथेतच बदल करून तो हेल बसवून घेतला.

सिनेमा तेहरानमध्ये तुफान चालला. लोक पुन्हा पुन्हा बघायला गेले. आणि तिच्या वाट्याला काय आलं? शिव्या, छळ, आप्तांची नाराजी. पडद्यावर बिनबुरख्याची आली, हा तिचा गुन्हा. तिने पुढे नाव बदललं आणि उरलेलं आयुष्य एकटीने, कुणाच्या नजरेत न येता काढलं. 1997 मध्ये ती गेली. ज्यांनी तिकिटं काढून सिनेमा डोक्यावर घेतला, तेच तिला नावं ठेवत होते. हे वाचताना आपल्याकडच्या तमाशातल्या बायकांची आठवण येते की नाही?

गंमत, म्हणजे कटू गंमत, पुढे आहे. हा सिनेमा आल्यावर तीनच वर्षांत, 1936 मध्ये, इराणच्या रझा शहाने बुरखा घालायलाच बंदी केली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. कित्येक म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. मग 1979 ची क्रांती झाली आणि 1983 पासून डोकं झाकणं कायद्याने सक्तीचं. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी याच कारणावरून पकडली गेली आणि कोठडीत असताना तिचा मृत्यू झाला. चादर ओढणारे आणि चादर घालायला लावणारे एकमेकांचे शत्रू, पण बाईला विचारायचं नाही, यावर दोघांचं एकमत.

आता हे सगळं तिकडचं, असं म्हणून पान उलटू नका. वेशानंतर येतं लग्न. पारशी कुणाला म्हणायचं, याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात 1908 मध्ये लागला. त्यात पारशी बापाची मुलं, आई परकी असली तरी, रीतसर धर्मात घेतली असतील तर पारशी मानली गेली. पारशी आईच्या मुलांना मात्र त्यात जागा नाही. त्याच हिशोबाने परधर्मीयाशी लग्न केलेल्या लेकींना कित्येक ठिकाणी अग्यारीचं दार बंद. वलसाडच्या गुलरुख गुप्ता या मुलीने हिंदू मुलाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. धर्म सोडला नव्हता. आईवडिलांच्या अंत्यविधीला तरी येऊ द्या, एवढंच तिचं म्हणणं. 2012 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सांगितलं, लग्नानंतर बाईचा धर्म नवऱ्याचा. सर्वोच्च न्यायालयात 2017 मध्ये न्यायमूर्तींनी विचारलं की लग्न केलं म्हणून बाई स्वतःला गहाण टाकते का? तेव्हा वलसाडच्या पंचमंडळींनी तिला अंत्यविधीपुरती मुभा दिली. अंत्यविधीपुरती!

विशेष विवाह कायदा काढला तो लग्न करताना कुणाला धर्म सोडावा लागू नये म्हणून. त्याच कायद्याखाली लग्न केलेल्या बाईला न्यायालय म्हणतं, तुझा धर्म गेला. मग तो कायदा कुणासाठी? माझ्या मते इथे पंचांपेक्षा न्यायालय जास्त चुकलं. समाज लहान आहे, दर शिरगणतीला आणखी लहान होतो आहे, ही त्यांची भीती खोटी नाही. पण लेकीला बाहेर ठेवून समाज वाढेल कसा?

आणि आपलं तरी काय? ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची रीत आपल्याकडे अजून हौसेने पाळली जाते. बँकेत खातं उघडायला गेलं की ‘लग्नाआधीचं नाव’ असा रकाना असतो. तो भरताना कितीजणींना दोन क्षण थांबावं लागतं, ते नाव आठवून लिहायला?