गळ्याची सोनोग्राफी : गरज आणि मागणी

बाजारात धान्य किंवा कापड घेणारा ग्राहक आपली गरज स्वतः ठरवितो. वैद्यकीय सेवेचे तसे नाही. येथे गरज कोणती हे डॉक्टर ठरवितो, सेवाही बहुधा तोच पुरवितो आणि खर्च मात्र रुग्णाला सोसावा लागतो. ज्ञानाच्या या विषमतेमुळे वैद्यकीय सेवेला बाजारपेठेचे सामान्य नियम लागू पडत नाहीत, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथीची सोनोग्राफी हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

ही तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ध्वनिलहरींच्या साह्याने होणाऱ्या या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, वेदना नाही. ग्रंथीचा आकार, तीत गाठ आहे काय, गाठ भरीव की पाण्याची, तिच्या कडा रेखीव की अनियमित, तीत चुन्याचे सूक्ष्म कण आहेत काय, हे तीवरून कळते. गळ्याला गाठ लागली, मानेतील लसिकाग्रंथी सुजल्या, किंवा गाठीसोबत आवाज बसला वा गिळताना त्रास होऊ लागला, तर डॉक्टरने सोनोग्राफी सांगणे उचितच आहे. कोणत्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासावयाच्या आणि कोणत्या गाठीवर नुसती नजर ठेवावयाची, हा निर्णय तिच्याच आधारे घेतला जातो.

परंतु ग्रंथीचे काम मंद चालले आहे की जलद, हे सोनोग्राफी सांगत नाही. ते रक्ताच्या तपासणीतून कळते. थकवा आणि वजनवाढ घेऊन आलेल्या स्त्रीच्या रक्तात टीएसएचचे प्रमाण वाढलेले आढळले, पण गळ्याला हात लावता काहीही लागले नाही, तर नेहमीच्या उपचारासाठी सोनोग्राफीची आवश्यकता नसते. अशा रुग्णांना ती सरसकट सांगू नये, असा सल्ला अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्याच सभासदांना दिला.

एक जास्तीची तपासणी झाली तर बिघडले कोठे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले आहे. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइडचा तीत समावेश नव्हता. पण रुग्णालयांनी तीस ते पन्नास डॉलरच्या जादा आकारात गळ्याची सोनोग्राफीही देऊ केली. लोकांनी ती आनंदाने करून घेतली. परिणामी २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना कर्करोगाचे रुग्ण ठरविण्यात आले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले.

याचा अर्थ उघड आहे. जे आयुष्यभर उपद्रव देणार नव्हते असे सूक्ष्म कर्करोग शोधून काढले गेले आणि जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाल्या. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली गेली, त्यांच्या वाट्याला जन्मभराच्या गोळ्या आल्या. शस्त्रक्रिया झालेल्या शेकडा सुमारे अकरा रुग्णांत कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या आणि शेकडा दोघांच्या स्वरतंतूंना पक्षाघात झाला. २०१४ मध्ये तेथील काही डॉक्टरांनीच या तपासणीविरुद्ध जाहीर आवाज उठविला आणि वर्षभरात या शस्त्रक्रियांची संख्या सुमारे एकतृतीयांशाने घटली. लोकांची प्रकृती एका वर्षात सुधारली नव्हती. शोध कमी झाला होता.

लवकर निदान केव्हाही चांगले, हे तत्त्व सर्व रोगांना सारखे लागू पडत नाही. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतचे असे कर्करोग शस्त्रक्रिया न करता केवळ देखरेखीखाली ठेवले. बहुसंख्य रुग्णांत ते वर्षानुवर्षे वाढले नाहीत. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवाविषयक कृतिदलानेही २०१७ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी चाळणी करू नये, अशी शिफारस केली.

भारतात बहुतेक कुटुंबांना असा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. येथे संपूर्ण शरीर तपासणीच्या जाहिराती शहरोशहरी झळकतात. निरोगी प्रौढांपैकी पुष्कळांच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, थायरॉइडमध्ये बारीक गाठी सापडतात आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक निरुपद्रवी असतात. पण गाठ हा शब्द अहवालात उमटला की सुईची तपासणी, पुन्हा सोनोग्राफी, दुसऱ्या डॉक्टरचे मत अशी खर्चाची साखळी सुरू होते. तीत पैसा जातो, रोजगार बुडतो आणि घराची झोप उडते. उलट, खरोखर गाठ लागलेल्या खेड्यातील स्त्रीला तीच तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही सहजासहजी मिळत नाही. बाजारपेठ गरजेकडे न पाहता क्रयशक्तीकडे पाहते, त्याचा हा परिणाम.

उपाय फार खर्चाचे नाहीत. तपासणीच्या प्रत्येक चिठ्ठीवर तिचे कारण लिहिणे बंधनकारक व्हावे. लक्षणे नसलेल्यांच्या तपासणी-पॅकेजमधून ही सोनोग्राफी वगळली जावी. आणि रुग्णानेही भीड न बाळगता डॉक्टरला विचारावे, की या तपासणीच्या निकालाने उपचारात कोणता बदल होणार आहे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर तपासणी अवश्य करावी. ते मिळत नसेल, तर ती तपासणी रुग्णाची गरज नसून पुरवठ्याने निर्माण केलेली मागणी आहे, असेच समजावे लागेल.