आकाशातला पाट आणि टेलचा शेतकरी



पाटाच्या पाण्याचे भांडण तुम्हाला नवे नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाळी संपली तरी पाणी सोडले नाही, की टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो. म्हणून पाळ्या ठरतात, पाटकरी नेमला जातो, पाणीपट्टी बसते. आज ज्या पाटाविषयी बोलायचे आहे तो डोळ्यांना दिसत नाही. तो आपल्या डोक्यावरून वाहतो. रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल आणि थेट उपग्रहावरून मिळणारे इंटरनेट, सारे त्याच पाटावर भिजते. हा पाट म्हणजे रेडिओलहरी.

या लहरींना सरकारी नियम कशाला, असे तुम्ही विचाराल. रात्री जुना रेडिओ लावला की एका केंद्रात दुसरे केंद्र घुसायचे आणि धड एकही ऐकू यायचे नाही, हे थोरामोठ्यांना आठवत असेल. एकाच लहरीवर एकाच टापूत दोघे बोलू लागले की दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून कोणी कोणत्या लहरीवर, किती जोराने बोलायचे हे कोणीतरी ठरवून द्यावे लागते. लहरी सरहद्दी मानत नाहीत, त्यामुळे देशादेशांतली वाटणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ पाहतो. ही संस्था 1865 साली स्थापन झाली. देशातली वाटणी आपले केंद्र सरकार करते.

पण पाटकरी म्हणजे पाण्याचा मालक नव्हे, हे सरकारला पटायला फार काळ लागला. आपल्याकडे 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा इंग्रजांनी केलेले. साधा रेडिओ घरात ठेवायचा तरी परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरावी लागे. ती पद्धत 1980 च्या दशकात बंद झाली. मालकीचा खरा निवाडा मात्र 1995 साली झाला, आणि तोही क्रिकेटमुळे! बंगालच्या क्रिकेट संघटनेने 1993 च्या एका स्पर्धेचे सामने दाखवण्याचे हक्क परदेशी कंपनीला दिले. त्यावरून सरकारशी वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. त्या न्यायपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांचे नियंत्रण जनतेच्या हितासाठी व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे वाचकहो, या पाटाच्या सातबाऱ्यावर तुमचेही नाव आहे.

मालकी ठरली, तरी वाटणी कशी करायची हा प्रश्न उरलाच. जानेवारी 2008 मध्ये सरकारने 'जो आधी येईल त्याला आधी' या रीतीने मोबाइलचे परवाने वाटले. त्यातले 122 परवाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. (या प्रकरणातल्या फौजदारी खटल्यात 2017 साली खालच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, हेही सांगितले पाहिजे.) लिलावाचा अनुभव 2010 मध्येच आला होता. तिसऱ्या पिढीच्या मोबाइल लहरींच्या त्या लिलावात सरकारला सुमारे 67,700 कोटी रुपये मिळाले. मग लिलाव हाच उत्तम मार्ग, असे पुष्कळांना वाटू लागले.

पण लिलावातही खोट असते. लहरींचे माप मेगाहर्ट्झमध्ये सांगतात. 700 मेगाहर्ट्झची लहर लांब पोचते. एका मनोऱ्यावरून जास्त मुलूख भिजतो, म्हणून विरळ वस्तीच्या खेड्यांना तीच सोयीची. 2016 च्या लिलावात सरकारने तिची बोली देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपयांपासून लावली. एकाही कंपनीने हात लावला नाही. 2021 मध्येही ती तशीच पडून राहिली. भाव उतरवल्यावर 2022 मध्ये एका कंपनीने ती घेतली. भरल्या धरणाचे पाणी पट्टी महाग म्हणून सोडलेच नाही, तर तिजोरी भरत नाही आणि शेतही भिजत नाही. तशातलाच हा प्रकार झाला.

आता उपग्रहाकडे वळू. खेड्याला उपग्रह नवा नाही. 1975-76 साली अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन आपल्या सरकारने सहा राज्यांतल्या 2,400 गावांत दूरचित्रवाणी पोचवली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण उपग्रहाचा पहिला मोठा उपयोग खेड्यासाठी करायचा, हे तेव्हा ठरवून केले गेले. तो उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर होता. नव्या कंपन्यांचे उपग्रह याहून कितीतरी खालून, काहींचे 550 किलोमीटरच्या आसपास, फिरतात. मनोरा नसलेल्या पाड्यावरही छपरावरच्या तबकडीने त्यांचे इंटरनेट मिळू शकते.

या लहरींचा लिलाव करायचा की नाही, यावर 2024 मध्ये मोठा वाद झाला. आम्ही लिलावात पैसे मोजतो, मग उपग्रहवाल्यांना का नको, असे आपल्याकडच्या मोबाइल कंपन्यांचे म्हणणे. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. परंतु मोबाइलची लहर एका टापूत एकालाच द्यावी लागते. उपग्रहाची तीच लहर अनेक कंपन्या आपसात जुळवून वापरू शकतात. 2023 च्या दूरसंचार कायद्याने म्हणूनच लिलाव हा सर्वसाधारण नियम ठेवला आणि उपग्रहसेवांना सरकारने ठरवलेल्या किमतीत लहरी देण्याची मुभा दिली. मे 2025 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली, की या कंपन्यांकडून उत्पन्नाच्या 4 टक्के आकार घ्यावा आणि शहरातल्या प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला आणखी 500 रुपये घ्यावेत. हा जादा भार खेड्यातल्या ग्राहकावर ठेवू नये. जून 2025 मध्ये स्टारलिंक या अमेरिकी कंपनीला उपग्रहसेवेचा परवाना मिळाला. त्याआधी आणखी दोन कंपन्यांना तो मिळालेला होता.

तात्पर्य काय? लिलाव की वाटप, हा अर्धाच प्रश्न आहे. टेलपर्यंत पाणी पोचते की नाही, हा खरा प्रश्न. लिलाव झाला तर पैसा किती आला एवढेच छापून येते. वाटप झाले तर कोणाला मिळाले एवढेच. शेवटच्या वाडीला काय मिळाले, हे वाडीनेच विचारले पाहिजे. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला 5 टक्के वाटा खेड्यापाड्यांच्या सेवेसाठी वेगळा काढण्याची तरतूद आहे. त्या निधीला 2023 च्या कायद्याने 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. आपल्या गावाला रेंज नसेल तर ग्रामसभेत ठराव करा, खासदारांना लेखी कळवा आणि त्या पत्रात या निधीचा उल्लेख करा. भीक मागायची नाही, आपली पाळी मागायची आहे.

आपल्या हातात आणखी काही गोष्टी आहेत. रेंज वाढवणारे यंत्र बाजारातून आणून परवानगीवाचून छपरावर बसवू नका. ते बेकायदा आहे. शिवाय ते मनोऱ्याच्या लहरीत गोंधळ करते आणि शेजारच्या दहा घरांचे फोन बिघडवते. हे पाट फोडण्यासारखेच झाले. दुसरे असे, की काही लहरी गायरानासारख्या सर्वांना मोकळ्या आहेत. वायफाय चालते त्या लहरी 2005 सालापासून मोकळ्या आहेत. 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात जमिनीची ओल मोजणारी छोटी यंत्रे परवान्याशिवाय चालतात. मात्र ठरवून दिलेल्या जोराच्या आत.

आणि तिसरे, गावाला स्वतःचे रेडिओ केंद्रही काढता येते. शिक्षणसंस्थांना ही वाट आधीच मोकळी होती. 2006 च्या धोरणाने ना-नफा संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही सामुदायिक रेडिओची दारे उघडली. 100 वॅटचे केंद्र साधारण दहा-बारा किलोमीटर ऐकू जाते. 2008 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायांनी 'संगम रेडिओ' सुरू केला. त्याच साली आपल्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानेही 'शारदा कृषिवाहिनी' काढली. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला हा परवाना मिळत नाही. संस्था लागते, चार माणसे एकत्र यावी लागतात.

गाव करी ते राव काय करी, असे आपण म्हणतो. पाटाच्या पाण्यासाठी जे गाव एक होते, त्याने डोक्यावरून वाहणाऱ्या पाटासाठीही एक व्हावे. तिथेही पाळी चुकली, की वाळते ते टेलचेच शेत.