भीती फ्लूची हवी, लसीची नव्हे

बेळगावच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ नावाचा विस्तीर्ण परिसर आहे. एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. बेळगावजवळच्या हिंडलग्यात काय किंवा घाट चढून उपचारासाठी बेळगाव गाठणाऱ्या आमच्या गोमंतकीय बांधवांत काय, लसीच्या धास्तीने कोणी मागे राहावे हे आम्हांस उचित वाटत नाही.

प्रश्न मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचा आहे. या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार! दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात. अशा वेळी प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या लसीने आजार उचल खाईल, ही शंका रुग्णास येणे साहजिक आहे. परंतु तिचे उत्तर मिळालेले आहे. युरोपातील ६४३ रुग्णांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. लस घेतल्याने नजीकच्या काळात आजार उलटण्याचा धोका वाढल्याचे तीत आढळले नाही. उलट फ्लूसारखा संसर्गच आजार बळावण्यास निमित्त ठरतो आणि नुसत्या तापानेही जुनी लक्षणे डोके वर काढतात.

मात्र लसी-लसींतील भेद जाणला पाहिजे. टोचून घ्यावयाची फ्लूची लस निर्जीव केलेल्या विषाणूंची असते. तिने फ्लू होत नाही. नाकात फवारावयाची लस जिवंत, परंतु दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांनी ती टाळावी. काही औषधांमुळे लसीचा गुणही कमी येतो. म्हणून ती केव्हा टोचावी, हे मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते; आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात बळावतो, म्हणून ती मृगापूर्वी घेतलेली बरी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही व्याधी दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समाविष्ट केली. तथापि राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूच्या लसीस स्थान नाही. कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही सरकारांनी या रुग्णांना ती विनामूल्य द्यावी, आणि तिची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत, सीमाभागात मराठीतही, द्यावी. लस घ्यावी की नाही, हा निर्णय रुग्णाने भीतीपोटी नव्हे, तर माहितीच्या आधारे घ्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.