काका, तुम्ही पोर्तुगीज ना?

वर्षभर एक प्रश्न भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो आहे. धारावी किल्ल्यावर शाळांच्या सहली येतात. पोर्तुगिजांना हरवणाऱ्या चिमाजी अप्पांचा जयजयकार होतो, वसईच्या खाडीकडे पाठ करून फोटो निघतात. परतीच्या वाटेवर मुलं आमच्या डोंगरी गावात पाण्याला थांबतात. दारावरचा क्रूस आणि पाटीवरचं आडनाव पाहून एखादा पोरगा हमखास विचारतो, "काका, तुम्ही पोर्तुगीज ना?" पोराचा राग येत नाही. बसमध्ये त्याला हे ज्याने सांगितलं, त्याचा येतो.

वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ ते १७३९, म्हणजे २०५ वर्षं. त्यांना जाऊन २८६ झाली. आमच्या आज्या मराठीतच भांडल्या, मराठीतच रडल्या. (दिवाळी अंक ख्रिस्ती माणूस काढतो याचंही काहींना नवल वाटतं. वाटू दे.)

गंमत अशी, की या पोराच्या तोंडचं वाक्य सालाझार नावाचा पोर्तुगालचा हुकूमशहा साऱ्या जगाला बजावत होता. गोव्याचे लोक पोर्तुगीजच, मग त्यांना सोडवायचं कोणापासून? १९५१ साली त्याने वसाहतींचं नावच बदलून 'सागरापारचे प्रांत' केलं. त्याआधी, १९३५ मध्ये, पोर्तुगालचे विद्यार्थी बोटीत बसवून केप व्हर्दे, गिनी, अंगोला दाखवून आणले. हे बघा आपलं साम्राज्य! सहल काढली कोणी? एका मासिकाने. संपादकांच्या जमातीची ही कर्तबगारी वाचून मान खाली गेली. तिकडे मुसोलिनीची माणसं लिबियात लेप्टिस मॅग्नाचे रोमन खांब उकरत होती. रोम इथे आधीपासून होतंच, आम्ही नुसते परत आलो, असा त्यांचा दावा. त्याच लिबियात १९३१ साली, इटलीशी लढणाऱ्या उमर मुख्तारला त्यांनी फाशी दिलं होतं. खांब बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या तोंडी काहीही घालता येतं.

त्या विद्यार्थी-सफरीचा सांस्कृतिक संचालक होता मार्सेलो काएतानो. सांगलीहून गोव्यात जाऊन मराठी शिकवणारे मोहन रानडे १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या लढ्यात पकडले गेले. गोवा १९६१ ला सुटला, रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. तेव्हा सालाझारच्या खुर्चीवर हाच काएतानो बसला होता. रानड्यांची ही गोष्ट बसमध्ये कोणी सांगतं का?

बाकी वर्षाचं काय सांगावं! मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा मान मिळाला, डोंगरीची झाडं मेट्रोच्या कारशेडच्या हिशेबात गेली. मोर्चातल्या मराठीत आमची मराठी धरली होती ना, एवढंच विचारायचं राहिलं.

यंदाच्या अंकाचा विषय 'सहल' ठरला तो असा. कथा-कवितांचा त्याच्याशी संबंध ओढूनताणून लावला आहे, ते तुम्ही चालवून घ्याल. शिक्षकहो, सहली जरूर आणा, चिमाजी अप्पांचा जयजयकारही करा, आम्हीही करतो. फक्त खाली उतरल्यावर मुलांना घटकाभर आमच्या ओट्यावर बसू द्या. तटाचे दगड कोणी वाहिले, तेव्हा खाडीत जाळी कोण टाकत होतं, हे त्यांना आमच्या म्हाताऱ्यांना विचारू द्या. पाणी भरून ठेवलं आहे.