खुला हौद

‘स्मार्ट सिटी’ या शब्दजोडीसाठी मराठीत काही प्रतिशब्द सुचवले गेले, पण त्यांपैकी एकही रुळला नाही. तरीही ‘शहाणे शहर’ हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे, कारण हुशारी आणि शहाणपण यांत मराठी भाषा पूर्वीपासून भेद करत आली आहे: हुशारीचे माहितीवर भागते, शहाणपणाला मात्र अनुभव, तारतम्य आणि भोवतालच्या माणसांचे भान लागते. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी अभियान सुरू केले, त्यात टप्प्याटप्प्याने देशातील शंभर शहरे निवडली गेली आणि मार्च २०२५ अखेर त्या अभियानाची मुदत संपली. या काळात महाराष्ट्रातील शहरे शहाणी झाली का, या प्रश्नाला यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग वाहिला आहे.

अभियानाच्या रचनेविषयी दोन गोष्टी आरंभीच नोंदवायला हव्यात. प्रत्येक निवडक शहरात कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका यांची समान भागीदारी होती आणि प्रकल्पांची अंमलबजावणी तिच्याकडे सोपवली गेली. दुसरी गोष्ट म्हणजे ‘एकात्मिक आदेश व नियंत्रण केंद्र’, म्हणजे शहरभरचे कॅमेरे, वाहतुकीचे सिग्नल, घंटागाड्यांची ठिकाणे असे सारे एकाच भिंतीवरच्या पडद्यांवर दिसेल असे दालन. करोनाच्या साथीत अनेक शहरांनी याच दालनांतून रुग्णवाहिका आणि खाटांचे नियोजन केले, तेव्हा ही केंद्रे निरुपयोगी ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पडद्यावर तेवढेच दिसते जेवढे मोजायचे आधी कोणी तरी ठरवलेले असते, आणि हे ठरवणाऱ्यांत शहरातील बहुसंख्य माणसांना जागा नव्हती. त्यात मुंबई-पुण्यासह राज्यातील बहुतेक महापालिकांचा कारभार २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला, त्यामुळे गटार तुंबले तर ज्याचे दार ठोठवायचे तो नगरसेवकही या काळात नागरिकांना उरला नव्हता.

नवकल्पना ही काही संगणकाबरोबर जन्माला आलेली गोष्ट नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून पुणे शहरात जमिनीखालून नळ आणला गेला. उतार आणि पाण्याचा स्वतःचा दाब यांच्या भरवशावर, कोणत्याही यंत्राविना, ते पाणी पेठांतल्या हौदांपर्यंत पोहोचत असे. वाटेत गाळ खाली बसावा, हवा कोंडू नये, याची सोय बांधकामातच केलेली होती. अभियांत्रिकी म्हणून हे काम आजही थक्क करणारे आहे. तरीही ज्या जातींना अस्पृश्य ठरवले गेले होते त्यांना शहरातील पाणवठ्यांवर आपला घडा भरता येत नव्हता. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. त्यासाठी कोणतेही नवे तंत्र लागले नव्हते, पण पुण्याच्या पाणीपुरवठ्यात त्या काळी झालेली सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे विचारले तर उत्तर म्हणून त्या हौदाकडेच बोट दाखवावे लागेल. उत्तम नळ आणि खुला हौद या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज शहर शहाणे होत नाही, ही या संपादकीयाची भूमिका आहे.

नगरनियोजनाच्या चर्चेत अलीकडे ‘रेझिलिअन्स’ हा शब्द वारंवार येतो. त्याचे भाषांतर ‘लवचिकता’ असे केले जाते, परंतु पावसाने ताण दिला तरी जे पीक उभे राहते त्याने ‘तग धरला’ असे शेतकरी म्हणतो आणि तोच शब्द येथे अधिक नेमका बसतो. पूर, उष्णतेची लाट, टंचाई किंवा साथ आली असता शहराचे नित्य व्यवहार मोडून न पडणे आणि मोडलेच तर ते लवकर सावरणे, म्हणजे शहराने तग धरणे. सर्वसमावेशकता हा त्याहून वेगळा, दयाबुद्धीने जोडायचा विषय मानला जातो. तसा तो नाही, हे मुंबईच्या पावसावरून सर्वांत स्पष्ट दिसते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, जेमतेम पंचवीस किलोमीटरच्या अंतरात, एवढा फरक पडला. दक्षिण मुंबईतील कार्यालयांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना येईपर्यंत लाखो माणसे रस्त्यांवर आणि रेल्वेगाड्यांत अडकली होती, आणि शहरात शेकडो जीव गेले. पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने, आणि तेही ओहोटीच्या वेळी, बांधलेल्या होत्या. त्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरती चढली की पाण्याला समुद्रात जायला वाटच राहत नाही. मिठी नदी विहार आणि पवईच्या तलावांचे सांडव्याचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे येते; तिचे पात्र भरावांनी आवळले गेले होते आणि पाणी झेलणारी खारफुटी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली होती.

त्यानंतर ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या साऱ्याची कारणमीमांसा केली आणि पुढील वर्षांत शहराने बरेच काही शिकून घेतले. दर पंधरा मिनिटांनी आकडा कळवणारे स्वयंचलित पर्जन्यमापक शहरभर बसवले गेले, वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले, भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली आणि २०२० पासून ‘आय-फ्लोज’ नावाची पूर-इशारा यंत्रणा कोणत्या भागात पाणी साचेल याचा अंदाज आधीच देऊ लागली. दादर-परळच्या सीमेवरील हिंदमाता परिसर बशीसारखा सखल आहे. तेथील पाणी भरती उतरेपर्यंत साठवून ठेवण्यासाठी जवळच्या मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. ही कामे अपुरी असली तरी खरी आहेत, आणि त्यांमागे अनेक अभियंत्यांची व कामगारांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

प्रश्न इशारा मिळाल्यानंतरच्या तासाभराचा आहे. मिठीच्या काठावर कुर्ल्यातील क्रांतीनगरसारख्या वस्त्यांत नदीची पातळी वाढली की रहिवाशांना महापालिकेच्या शाळांत हलवले जाते. यंत्रणेच्या दृष्टीने ही ‘स्थलांतराची कार्यवाही’ असते. घरातील बाईच्या दृष्टीने मात्र तो एकामागून एक कराव्या लागणाऱ्या निवडींचा तास असतो: गॅसची टाकी वर टांगायची की शिलाई यंत्र, अंथरुणाला खिळलेल्या सासूला कोण उचलणार, मागे घराकडे कोण पाहणार. सर्वांत आधी मात्र हात जातो तो फळीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीकडे. तिच्यात शिधापत्रिका, विजेची जुनी बिले आणि मतदार यादीचा उतारा असतो. कारण झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळायचे तर १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि ते कागद भिजले तर घरावरचा हक्कच वाहून जातो. तिला घर सोडायला उशीर होतो याचे कारण इशारा न समजणे हे नसते. ज्या शहराने तिचे कागद सुरक्षित ठेवण्याची हमी दिली आहे, ज्या शाळेत तिला न्यायचे तेथे स्त्रियांसाठी कडी लागणारे शौचालय आहे, त्या शहरात तोच इशारा किती तरी अधिक जीव वाचवील. पर्जन्यमापकाच्या आकड्याला अर्थ येतो तो येथे, आणि म्हणून समावेशकता ही तग धरण्याच्या यंत्रणेचाच एक भाग ठरते.

याच विचाराची दुसरी आणि अधिक आशादायक बाजू पुण्यात दिसते. शहराच्या उकिरड्यांवर कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या स्त्रियांपैकी अनेक जणी १९७२ च्या दुष्काळात किंवा त्यानंतर गाव सोडून आलेल्या, आणि बहुसंख्य दलित समाजातील होत्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या पुढाकाराने त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. संघटनेने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. जिला पोलीस चोर समजून हटकतात आणि जिच्या अंगावर कुत्री सोडली जातात, तिच्याकडे ‘ही कष्टकरी आहे’ असे सांगणारा, महापालिकेने मान्य केलेला कागद असावा, एवढेच ते मागणे होते, आणि नव्वदच्या दशकातच ते मान्य झाले. पुढे याच स्त्रियांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. त्यानुसार साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा घेऊ लागल्या. प्रत्येक घराने ठरलेले मासिक शुल्क थेट त्यांना द्यावे आणि विकता येण्याजोगा माल त्यांनी स्वतः विकावा, अशी ही व्यवस्था आहे.

या कामातील ज्ञान जवळून पाहण्यासारखे आहे. ढकलगाडीवरचे डबे गल्लीच्या तोंडाशी उतरवून जी बाई पिशवी उघडते ती हाताच्या एका चाळवणीत सात-आठ ढीग करते: पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, पुठ्ठा भिजला तर भाव उतरतो म्हणून तो आधी बाजूला, दुधाची पिशवी धुतलेली असेल तर एकीकडे आणि चिकट असेल तर दुसरीकडे, कडक प्लास्टिक आणि मऊ प्लास्टिक पुन्हा निराळे. बिस्किटाच्या चकचकीत पुड्याला भंगाराच्या दुकानात भाव नाही, कारण त्यात धातू आणि प्लास्टिकचे थर एकजीव झालेले असतात, हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते उघडून पाहण्याची वेळ कोणावर येणार नाही, ही मोहीम याच कामातून निघाली. एक वर्तमानपत्राचा तुकडा आणि एक लाल पेन एवढ्यावर शहरातील हजारो हातांना घाणीपासून आणि जंतुसंसर्गापासून वाचवणारी ही कल्पना, कोणत्याही महागड्या उपकरणाइतक्याच आदराने नोंदवली गेली पाहिजे.

असे दारोदार वर्गीकरण झाले की कचऱ्याचे ट्रक कमी धावतात आणि उरुळी देवाची व फुरसुंगी येथे ज्यांच्या विहिरी आणि शेते शहराच्या कचऱ्याने नासवली त्या गावांवरचा भार हलका होतो. २०२० च्या टाळेबंदीत, सारे शहर दाराआड असताना, या स्त्रिया रोज दारापर्यंत येत राहिल्या. तग धरणे म्हणजे काय याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना यंत्रणेत सामावून घेणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. असे असूनही पाच वर्षांचा मूळ करार संपल्यावर या संस्थेला पुनःपुन्हा नूतनीकरणाची आणि मुदतवाढीची वाट पाहावी लागली, आणि मोठ्या यांत्रिक वाहनांचे ठेके हाच आधुनिकतेचा मार्ग असल्याचा समज प्रशासनात अजून मूळ धरून आहे. हा समज दूर व्हावा, आणि या कामाला दीर्घ मुदतीच्या कराराचे स्थैर्य मिळावे, ही मागणी या अंकाच्या वतीने निःसंदिग्धपणे मांडली जात आहे.

पाण्याच्या बाबतीतही शहाणपण मोठ्या शहरांकडेच असते असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या गाडीची छायाचित्रे देशभर पोहोचली; कराडजवळच्या मलकापूर या छोट्या शहराने त्याच्या काही वर्षे आधी प्रत्येक घराला मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले होते, त्याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली. ठरावीक वेळी सोडलेल्या पाण्यात दोन दोष असतात. नळ रिकामे झाले की भेगांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते, आणि उद्या पाणी येईल की नाही या धास्तीने लोक भांडी भरून ठेवतात व ताजे आले की कालचे ओतून देतात. नळाला सतत दाब असला आणि कमी वापरणाऱ्याला कमी, जास्त वापरणाऱ्याला चढता दर असला, की ही धास्ती आणि ही नासाडी दोन्ही सरतात. मलकापूरचे नाव शंभर शहरांच्या यादीत नव्हते.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घराघरांतून जेवढा पसारा बाहेर पडतो तेवढा वर्षात कधी पडत नाही, आणि तो सारा त्याच ढकलगाड्यांवर येतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रातील घरांत नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची लक्ष्मी म्हणून पूजा केली जाते. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, गल्लीत फटाक्यांचे जळके कागद, तेल प्यायलेल्या पणत्या आणि मिठाईचे खोके पडलेले असतात, आणि सात वाजायच्या सुमारास कोपऱ्यावर गाडीचे चाक वाजते. या अंकाचे लेखक, वाचक, विक्रेते, जाहिरातदार आणि त्या सकाळी गाडी घेऊन दाराशी येणाऱ्या सर्व जणी, यांना संपादक मंडळाच्या वतीने दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.