स्पीकर बदलण्याआधी कान तपासा

गाण्यात पूर्वीसारखी धार राहिली नाही, म्हणून अनेक जण पन्नाशीनंतर घरातली स्टिरिओ यंत्रणा बदलायला निघतात. दुकानात दोन स्पीकर आलटून पालटून ऐकवले जातात आणि जो थोडा मोठ्याने वाजतो, तोच सरस वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. ५० वॉटऐवजी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला, तरी त्याच स्पीकरची कमाल पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते.

खरे दुखणे अनेकदा वेगळेच असते. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचे ध्वनी ऐकू येतात. वयानुसार आतल्या कानातील केसपेशी कमी होतात आणि उंच स्वर आधी निसटतात. झांजेचा झणत्कार, ‘स’, ‘श’सारखी व्यंजने पुसट होतात. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मग आवाज वाढवला जातो आणि उरलेल्या पेशींवरही ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज प्रौढांनी आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते.

घरच्यांचे बोलणे अस्पष्ट वाटत असेल, टीव्हीच्या आवाजावरून रोज वाद होत असतील, तर आधी कान तपासावेत. कधी कारण नुसता मळही असतो. ऑडिओमेट्री मोठ्या सरकारी रुग्णालयांतही होते. श्रवणयंत्राची लाज वाटते म्हणून महागडे स्पीकर घेणे, म्हणजे चष्मा टाळून मोठा टीव्ही आणण्यासारखे आहे.